बियाण्याची खुंटी

त्या घरात मीठ, दिव्याचं तेल आणि खिळे सोडले तर विकत असं काही येत नसे. दूध दोन शेळ्यांचं, अंडी सहा कोंबड्यांची, धान्य मागच्या उतारावरचं आणि बाकी सगळं स्वयंपाकघरामागच्या बागेतलं. अशा घराला एक वेळ कुलूप नसलं तरी चालतं, पण नियम लागतो. तो सासूबाईंनी स्वतः लग्न होऊन आल्या वर्षी घातला होता आणि एवढाच होता: टांगलेलं असेल ते बियाणं, खाली ठेवलेलं असेल ते खायचं. मडक्यांवर नावं नव्हती की खुणा नव्हत्या. कोठीच्या खोलीत भिंतीला ओळीने खुंट्या होत्या. त्यांना लटकलेल्या मडक्याला पोटात कावळे ओरडले तरी हात लावायचा नाही, आणि खालच्या फळीवरचं काय वाटेल ते शिजवायचं.

खुंट्या सासूबाईंच्या उंचीने ठोकलेल्या. त्या ताडमाड, घरातल्या प्रत्येक दारातून जाताना मान लववायची त्यांना सवय होती. सून त्यांच्या खांद्याला जेमतेम लागायची. आठ वर्षं ती तीन पायांच्या डुगडुगत्या स्टुलावर चढून मडकी काढत-अडकवत आली होती. नवरा म्हणायचा, आमचं बियाणं उंदरांपासून मांजर राखतं आणि बायकोपासून खुंटी राखते. हा विनोद त्याने आठ वर्षांत इतक्यांदा केला होता की आता शेळ्यासुद्धा हसत नव्हत्या.

थंडी ओसरायला लागली तशी एक दिवस जेवणं झाल्यावर सासूबाईंनी आपलं खुरपं सुनेपुढे ठेवलं. त्याच्या लाकडी मुठीला त्यांच्या बोटांचे खळगे पडले होते.

"यंदापासून बाग तू बघ," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे खाली बसले की वर यायचं नाव घेत नाहीत."

सुनेला आभाळ ठेंगणं झालं. आठ वर्षं ती सांगितलं तिथे खणत होती, दाखवलं ते तण उपटत होती. काय कुठे लावायचं हे ठरवायचा मान मात्र सासूबाईंनी कधी कुणाला दिला नव्हता. सासरे गेले तेसुद्धा कोबीच्या वाफ्याची जागा न ठरवताच गेले. त्या दिवशी तिने खुरपं धुतलं, पुसलं, मुठीला तेल लावलं आणि उशाशी ठेवलं. नवऱ्याने विचारलं, यापुढे मी कुठे झोपायचं?

थंडी जाऊन वसंत येतो ते पहिले काही आठवडे बघायला सुरेख आणि खायला कठीण असतात. झाडांना पालवी फुटते, पाखरं भल्या पहाटेपासून किलबिलाट करतात आणि कोठीत मात्र फळीचं लाकूड दिसायला लागतं. बटाट्यांना कोंब आले होते. कांदे आतून पोकळ होत चालले होते. लाल भोपळा एकच उरला होता आणि तोही एका अंगाने मऊ लागत होता. बागेत नजर टाकावी तर नुसती बोटभर पानं. सून सकाळी मातीत हात घालायची, दुपारी त्याच हातांनी कोंब खुडलेले बटाटे सोलायची, आणि आज रश्श्यात काय घालू हा प्रश्न तिला दात घासतानाच पडायचा.

त्यात सुतार यायचा होता. शेळ्यांच्या गोठ्याचं छप्पर एका बाजूने बसलं होतं. हा सुतार नवऱ्याचा लहानपणचा मित्र. मजुरीऐवजी दोन वेळचं जेवण आणि टोपलीभर अंडी घ्यायचा. जेवायचा असा की मजुरी परवडली असती. आदल्या संध्याकाळी सून कोठीत गेली आणि फळ्या चाचपायला लागली. अगदी टोकाला, भोपळ्याच्या मागे, फडक्याने तोंड बांधलेलं एक मडकं तिच्या हाताला लागलं. तिने फडकं सोडलं. आत गळ्यापर्यंत वाटाणा होता.

घरातला वाटाणा दहा दिवसांपूर्वीच संपला असं ती धरून चालली होती. तिने मूठभर काढून उजेडात पाहिला. तोच, प्रत्येक दाण्यावर एक जांभळा ठिपका असलेला. दाणे जरा टपोरेच वाटले, पण भुकेल्या दिवसांत कुणाला काय टपोरं वाटत नाही. तिने देवाचे आभार मानले आणि दोन दिवसांची ददात मिटली म्हणून सगळाच्या सगळा परातीत ओतून भिजत घातला.

सकाळी तिने अर्धा वाटाणा मोठ्या पातेल्यात चढवला. लोण्यावर कांदा लाल होईतो परतला, लसूण ठेचून टाकला, बटाट्याच्या फोडी घातल्या आणि चुलीतली लाकडं मागे ओढून तो मंद आचेवर रटरटत ठेवला. बाजूला जाड रोट्या भाजल्या. वास गोठ्याच्या छपरापर्यंत गेला असावा, कारण दुपार व्हायच्या आधीच सुतार शिडीवरून उतरून हात धुऊन हजर झाला.

तिसऱ्यांदा वाढून घेताना तो म्हणाला, असा वाटाणा जन्मात खाल्ला नाही. नवरा तर ताटली रोटीने इतकी लख्ख पुसत होता की ती घासायची गरज उरली नसती. सुनेला आपल्या रश्श्याचा फार अभिमान वाटला. तेवढ्यात शेळ्यांना पाणी दाखवून सासूबाई आल्या. त्या पाटावर टेकल्या, डाव्या हाताने चमचा उचलला आणि तोंडाशी नेता नेता थांबल्या. चमच्यातल्या दाण्याकडे त्या बघत राहिल्या.

"हा वाटाणा कुठला?"

"फळीवरचा, आई. टोकाला मडकं होतं ते."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला.  सून उठली, कोठीत धावली, बियाण्याच्या कांद्यांच्या माळा बाजूला सारून स्टुलावर चढली. शेवटची खुंटी मोकळी होती.

हा वाटाणा सासूबाईंनी लग्नात आईकडून रुमालाच्या गाठीत बांधून आणला होता. त्यांच्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, आणि आजूबाजूच्या कुठल्याच बागेत असा जांभळ्या ठिपक्याचा दाणा कुणी पाहिला नव्हता. दरवर्षी सगळ्यात मोठ्या शेंगा त्या वेलावरच वाळवायच्या आणि त्यातले निवडक दाणे त्या खुंटीला जायचे. सून परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मडकं काय स्वतःच्या पायांनी उतरलं?" नवऱ्याने विचारलं. त्याने सहज विचारलं होतं, पण तिला ते लागलं. मडकं खाली फळीवरच होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग तिला आठवलं की आठवड्यापूर्वी तिने मुळ्याचं बी काढलं होतं, स्टूल डुगडुगलं होतं, तेव्हा एका हाताला दुसरं मडकं लागून तेही खाली घेतलं असेल का? घेतलं असेलच. दुसरं कोण घेणार? माणूस घाबरला की न केलेलंही त्याला आठवायला लागतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मीच काढलं असणार." सासूबाई खाली बघत होत्या.

मग ती एकदम थांबली. "पण अर्धा अजून परातीत आहे. शिजवलेला नाही."

सासूबाईंनी मान वर केली. "पाण्यात आहे?"

"रात्रभर."

"मग जिवंत आहे," सासूबाई म्हणाल्या. "आज मातीत गेला तर. उद्यापर्यंत आंबेल."

वाटाणा पेरायला अजून पंधरा दिवस अवकाश होता. खालच्या वाफ्यात, जिथे तो दरवर्षी लागायचा, तिथे पाय ठेवला तर घोट्यापर्यंत चिखल होता. फुगलेला दाणा तिथे टाकणं म्हणजे हातानेच कुजवणं. सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"कुठे घालायचा?" त्यांनी विचारलं.

सुनेला वाटलं, या टोचून विचारतायत. पण उत्तर तिच्या तोंडात तयार होतं, कारण हिवाळाभर ती एक गोष्ट बघत आली होती: घरातलं मांजर कधी चुलीशी झोपायचं नाही, ते घराबाहेर, लाकडांच्या फटीत, चुलीच्या पाठीमागच्या भिंतीला टेकून झोपायचं. ती भिंत दिवसभर कोमट असे.

"चुलीच्या भिंतीमागे," ती म्हणाली. "तिथली माती कोरडी आहे. ऊबही आहे."

"तिथे माझी लाकडं आहेत," नवरा म्हणाला. हिवाळ्याआधी चार दिवस खपून त्याने ती रचली होती आणि आल्यागेल्याला ती रास दाखवायचा.

"होती," सासूबाई म्हणाल्या.

मग उरलेला दिवस कुणाचा श्वास जाग्यावर नव्हता. नवऱ्याने आणि सुताराने लाकडं उचलून गोठ्यापलीकडे नेली. सुतार म्हणत होता की आपण अर्धं बियाणं खाल्लंय तर अर्धा गुन्हा आपल्या नावावर. लाकडांखालून गोमी आणि एक भला मोठा बेडूक निघाला. माती पायांनी तुडवलेल्या अंगणासारखी घट्ट होती. नवऱ्याने कुदळीने ती फोडली. सुनेने ढेकळं हातांनी चुरली, शेळ्यांचं जुनं खत कालवलं, वरून चुलीतली राख पसरली. खुरपं तिने घेतलं नव्हतं. दुपारीच ते पुसून सासूबाईंच्या उशाशी ठेवून आली होती, आणि सासूबाईंनी तिला तिथून बाहेर पडताना पाहिलं होतं. 

सासूबाई परात मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या आणि फुटलेले, टरफल सुटलेले दाणे वेगळे काढायला लागल्या. उजवा हात त्यांनी मांडीवर तसाच ठेवला होता. सून ओणवी होऊन बोटाने भोक पाडायची, दाणा सोडायची, माती लोटायची, पुढे सरकायची. कंबर आधी दुखायला लागली, मग भरून आली, मग आहे की नाही हेच तिला कळेना. नखं मुळापर्यंत काळी झाली. दिवस कलला तेव्हा भिंतीलगत तीन लांब ओळी झाल्या होत्या आणि परात रिकामी होती. संध्याकाळी चुलीवर कण्यांची पातळ पेज शिजली. सकाळचा रस्सा अजून बराच उरला होता, पण तो कुणी मागेना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "शिजलेला काही परत उगवत नाही. वाढ." आणि त्यांनी तो सगळ्यांआधी खाल्ला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आभाळ एकाएकी स्वच्छ झालं. एरवी बघत बसावं असं ते निळं आभाळ बघून सुनेचा जीव टांगणीला लागला, कारण असं आभाळ निवळलं की पहाटे पानांवरचं दव गोठतं. सुताराच्या उरलेल्या पट्ट्या भिंतीला तिरक्या लावून त्यांनी ओळींवर उतरतं छप्पर केलं आणि त्यावर पोती टाकली. पोती पुरेनात तेव्हा घरातली पांघरुणं निघाली. चुलीत त्या दिवशी दोन ओंडके जास्तीचे गेले.

सासूबाईंनी आपली जाड वाकळ आणली. सुनेने एक टोक धरलं, दुसरं टोक सासूबाई पट्टीवरून टाकायला गेल्या. त्यांचा उजवा हात छातीपर्यंत वर आला आणि तिथेच अडकला. वाकळ हातातून घसरली. त्यांचा चेहरा क्षणभर दुखण्याने वेडावाकडा झाला आणि लगेच त्यांनी तो भिंतीकडे फिरवला.

सून वाकळीचं टोक धरून उभी राहिली. डाव्या हाताने धरलेला चमचा. डाव्या हाताने विंचरलेले केस. हल्ली डोक्याचा रुमाल मागून बांधून दे म्हणून मारलेली हाक. आणि दरवर्षी थंडी सरताना सासूबाई एक दिवस वाटाण्याचं मडकं उतरवून दाण्यांना ऊन दाखवतात, हेही. मडकं खाली घेताना हात चालला असेल. परत वर न्यायला चालला नसेल. मग कुणाला तरी सांगू म्हणून त्यांनी ते फळीवर टेकवलं, आणि सांगितलं नाही.

तिला राग आला, चांगलाच आला. पाच दिवस ती स्वतःला दोष देत होती आणि या बघत बसल्या होत्या. पण समोर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, एवढी उंच बाई, खांद्याला हात लावून, आणि मागे वळायला तयार नव्हत्या. सून पुढे गेली, दुसरं टोकही तिने उचललं आणि वाकळ पसरली.

"वाऱ्याने सरकतंय हे," ती म्हणाली. "कडेला दगड ठेवते."

घरात तिघं होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवून चुलीभोवती झोपले. मांजर नवऱ्याच्या पोटावर चढून बसलं. पहाटे अंगणातल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा होता. सुनेने वाकळीखाली हात घालून माती चाचपली. ती मऊ होती, कोमट होती. तिथे बसल्या बसल्याच तिला रडू आलं, आणि कालचा रागही बराचसा त्यातच वाहून गेला. थोडा राहिला; तेवढा राहायचाच.

पुढचे दिवस नुसते वाट बघण्याचे. तिने मुळा लावला, कांद्याची रोपं लावली, कोबीचं बी टाकलं, सगळं कुदळीने, काडीने नाहीतर बोटाने. बांधावरची रानभाजी खुडून अंड्यात घालून तव्यावर पसरली. भोपळ्याचा मऊ भाग कोंबड्यांना आणि बाकीचा माणसांना मिळाला. दर सकाळी ती भिंतीमागे जाऊन उकिडवी बसायची. दहाव्या दिवशी न राहवून तिने एका ठिकाणची माती बोटाने उकरली, तर मागून सासूबाईंचा आवाज आला, झाकलेलं उघडून बघायचं असेल तर चुलीवरचं बघ, तिथे रोटी करपतेय. रोटी खरोखरच करपत होती.

तेराव्या सकाळी मातीला भेग पडलेली दिसली. त्या भेगेत मान खाली घातलेला एक हिरवा कोंब होता. जरा पुढे दुसरा. दुपारपर्यंत पहिली ओळ डोळ्यांनी शोधत जाता येईल इतकी दिसू लागली. मध्ये मोकळ्या जागाही होत्या, आणि तिसऱ्या ओळीत तर जेमतेम अर्धे आले. सासूबाई गुडघे धरत तिथवर आल्या, वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"बियाण्यापुरता होईल," त्या म्हणाल्या. "खायला यंदा एक दाणा नाही."

त्याच दिवशी सुतार गोठ्याचं दार बसवायला आला होता. जेवायला अंड्यांचा रस्सा आणि मुळ्याची कोवळी पानं होती. नवरा आनंदात होता, आणि आनंदात असला की त्याला बोलायला लागायचं. गेले तेरा दिवस तो बायकोला बियाणंखाऊ म्हणत होता. दुष्टपणाने नव्हे, सवयीने. आताही तो सुताराला म्हणाला, "नीट बघून खा रे. आमच्याकडे काय शिजेल सांगता येत नाही. हिच्या हाताला खुंटी लागली तर तीही शिजवील."

सुतार हसला. सून ताटलीत बघत रोटी मोडत राहिली.

"ते मडकं मी काढलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"ऊन दाखवायला काढलं. परत टांगायला गेले तर हात वर जाईना. दोन महिने झाले, जात नाही. कुणाला तरी सांगायचं म्हणून फळीवर ठेवलं. मग सांगवेना." त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. "ती नियमाने वागली. नियम मोडला मी. आणि तिला ते त्या थंडीच्या संध्याकाळीच कळलं होतं. तरी तुझं बडबडणं ऐकून घेतलं तिने. माझ्यासाठी."

नवऱ्याने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्याचे कान लाल झाले होते. हातातला घास त्याने ताटलीत ठेवला आणि उगाचच पाण्याचा तांब्या बायकोपुढे सरकवला. लग्नानंतर त्याने केलेली ती पहिली माफी असावी.

सासूबाई भिंतीला धरून उठल्या. सुताराला त्यांनी हातोडा घेऊन कोठीत यायला सांगितलं आणि तो तोंड पुसत त्यांच्यामागे गेला. शेवटची खुंटी उपटून खाली घे, असं त्यांचं म्हणणं होतं.

"किती खाली, काकू?"

"अगं ए, इकडे ये," सासूबाईंनी सुनेला हाक मारली. "स्टूल नको घेऊस. भिंतीला लागून उभी राहा आणि हात वर कर."

सून उभी राहिली, हात वर केला. सुताराने तिच्या बोटांशी पेन्सिलीने रेघ ओढली.

"आई, अजून खाली घेऊ या की," सून म्हणाली. "तुमच्या हाताला येईल अशी."

"माझ्या हाताला येईल तिथे मांजर नाचेल," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या हाताला आली की झालं. मला लागलं तर मी तुला सांगीन."

एवढं बोलून त्यांनी डाव्या हाताने उजवा खांदा दाबला. सांगीन हा शब्द त्यांना तसा जडच गेला होता.

सुताराने खुंटी ठोकली. दोन ठोक्यांत चुना पडला, चौथ्याला ती पक्की बसली. बाकीच्या खुंट्यांच्या ओळीत ती एकटीच खाली आली होती, जरा विचित्र दिसत होती. सुनेने रिकामं मडकं फडक्याने पुसलं आणि टाचा न उचलता टांगलं.

"ते खुरपंही घेऊन जा," दाराबाहेर पडताना मान लववत सासूबाई म्हणाल्या. "तेरा दिवस माझ्या उशाला टोचतंय."